‘तीनशे दोन लावा’ म्हणण्याआधी

पोलीस ठाण्यासमोर जमाव बसतो, नातेवाईक मृतदेह ताब्यात घ्यायला नकार देतात आणि मागणी एकच असते: ‘तीनशे दोन लावा.’ १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तरी ही घोषणा बदललेली नाही. नव्या संहितेतले कलम ३०२ धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने शब्द उच्चारण्याबद्दलचे आहे आणि त्याची शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष. खुनाची शिक्षा आता कलम १०३ मध्ये गेली. आकडा चुकल्याने कुणाचे फारसे बिघडत नाही, लोकांना काय म्हणायचे आहे ते ठाणे अंमलदाराला समजते. खरी अडचण ‘खून’ या शब्दापाशी आहे. लोक ज्याला खून म्हणतात त्याची हद्द वेगळी आणि कायदा ज्याला खून म्हणतो त्याची वेगळी. या दोन हद्दी एकच असल्या पाहिजेत, असे धरून केलेली मागणी पुष्कळदा मेलेल्या माणसाच्या बाजूचाच खटला लंगडा करते, असे माझे मत आहे.

बोलण्यातला खून ठरायला दोन गोष्टी पुरतात: माणूस जीवानिशी गेला आणि त्याला जबाबदार असा कुणी समोर दिसतो. मग दारू पिऊन गाडी चालवणाराही खुनी, कच्ची भिंत बांधणारा ठेकेदारही खुनी आणि चुकीचे इंजेक्शन देणारा डॉक्टरही. कर्जापायी शेतकऱ्याने गळफास घेतला की ‘ही आत्महत्या नव्हे, व्यवस्थेने केलेला खून आहे’ असे वाक्य सभेत येते. सभेत ते योग्यच आहे. तिथे हा शब्द निषेधासाठी वापरलेला असतो आणि निषेधाला व्याख्या लागत नाही. हेच वाक्य फिर्यादीत उतरले की मात्र तपास अधिकाऱ्याला विचारावे लागते, खून कुणी केला, कशाने केला, आणि करताना त्याच्या मनात काय होते?

याची उलटी बाजूही आहे आणि तिची चर्चा कमी होते. मारणाऱ्याबद्दल सहानुभूती असेल, तर उघड खुनालाही लोक खून म्हणत नाहीत. नौदल अधिकारी कावस नानावटी यांचा १९५९ चा खटला हे याचे ठळक उदाहरण. पत्नीच्या प्रियकरावर त्यांनी गोळ्या झाडल्या. मुंबईतल्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले आणि शहरात त्यांच्या बाजूने लाट होती. सत्र न्यायाधीशांना तो कौल पटला नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि अखेर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. बचाव होता ‘गंभीर व आकस्मिक प्रक्षोभा’चा. न्यायालयाने घड्याळ पाहिले. पत्नीची कबुली ऐकून ते दुपारी दीडच्या सुमारास घरातून निघाले, बायकोमुलांना सिनेमागृहात सोडले, जहाजावर जाऊन खोट्या कारणाने रिव्हॉल्व्हर आणि काडतुसे घेतली, आधी त्या माणसाच्या कार्यालयात आणि मग घरी गेले. गोळ्या सुटल्या तेव्हा चार वाजून वीस मिनिटे झाली होती. डोके थंड व्हायला एवढा अवधी पुरेसा आहे, असे न्यायालय म्हणाले. १९६४ मध्ये राज्यपालांनी त्यांना माफी दिली, पण माफी ही दया असते, तिने गुन्ह्याचे नाव बदलत नाही. लोकांच्या हाती व्याख्या दिली तर ती दोन्ही दिशांना वाहते, हे या प्रकरणात दिसले. आज फाशी मागणाऱ्या जमावाने तेव्हाचा टाळ्या वाजवणारा जमावही आठवून पाहावा.

कायद्याची मांडणी अशी आहे. एका माणसाच्या हातून दुसऱ्याचा मृत्यू झाला तर तो मनुष्यवध. प्रत्येक मनुष्यवध गुन्हा नसतो. स्वसंरक्षणाच्या हद्दीत राहून केलेला वार किंवा खरोखरचा अपघात गुन्ह्यात मोडत नाही. न्याय संहितेचे कलम १०० म्हणते की मृत्यू घडवण्याचा उद्देश, किंवा मृत्यू ओढवण्याचा संभव आहे अशी दुखापत करण्याचा उद्देश, किंवा आपल्या कृत्याने मृत्यू ओढवण्याचा संभव आहे ही जाणीव, या तिन्हींपैकी एक असेल तर तो ‘सदोष मनुष्यवध’. कलम १०१ त्यातूनच अधिक गंभीर प्रकार वेगळे काढते आणि त्यांना ‘खून’ म्हणते. म्हणजे प्रत्येक खून हा आधी सदोष मनुष्यवध असतो, प्रत्येक सदोष मनुष्यवध मात्र खून नसतो. उद्देश आणि जाणीव दोन्ही नसून केवळ बेदरकारी किंवा हयगय असेल, तर प्रकरण कलम १०६ मध्ये जाते.

मराठीत या रचनेवर नावानेच अन्याय केला आहे. ‘सदोष’ म्हटले की आपल्याला सदोष मीटर आठवते, सदोष बियाणे आठवते. ‘खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा गुन्हा’ असे छापून आले की वाचकाला वाटते, पोलिसांनी माणूस मारण्याला तांत्रिक बिघाडात बसवले. प्रत्यक्षात या गुन्ह्यालाही जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. कलम १०५ नुसार उद्देश सिद्ध झाला तर जन्मठेप किंवा पाच ते दहा वर्षे कैद आणि दंड. नुसती जाणीव सिद्ध झाली तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जुन्या कलम ३०४ च्या दुसऱ्या भागात केवळ दंडावर सोडण्याचीही मुभा होती, ती नव्या संहितेने काढून टाकली. हा बदल लोकांना माहीतच नाही, कारण त्यांचे लक्ष शेजारच्या कलमाकडे असते.

आता खरी बारीक रेष. मुंबई उच्च न्यायालयाचा १८७६ चा राणी विरुद्ध गोविंदा हा निकाल कायद्याच्या वर्गांत आजही शिकवतात. गोविंदा १८ वर्षांचा, बायको १५ वर्षांची. त्याने तिला लाथ मारली, पाठीवर बुक्के मारले. ती जमिनीवर पडली, तेव्हा तिच्या छातीवर गुडघा ठेवून त्याने तोंडावर दोन-तीन ठोसे मारले. डाव्या डोळ्यावर बसलेल्या ठोशाने कवटी फुटली नाही, पण मेंदूत रक्तस्राव होऊन ती मुलगी मेली. आजच्या वाचकाला विचारले तर तो एका शब्दात उत्तर देईल. न्यायाधीशांत मात्र मतभेद झाला आणि प्रश्न न्यायमूर्ती मेल्व्हिल यांच्यासमोर आला. जीव घेण्याचा उद्देश दिसत नाही, आणि बंद मुठीचा ठोसा सामान्य निसर्गक्रमानुसार मृत्यू घडवायला पुरेसा असतोच असे म्हणता येत नाही, असे ते म्हणाले. पण डोके जमिनीला टेकलेल्या माणसाच्या डोळ्यावर पुरुषाने जोरकस ठोसा मारला तर मृत्यूचा संभव नक्कीच आहे. म्हणून सदोष मनुष्यवध आणि सात वर्षे काळे पाणी. त्यांनी घालून दिलेली कसोटी साधी आहे: मृत्यू हा संभवनीय परिणाम असेल तर सदोष मनुष्यवध, तोच सर्वांत अधिक संभवनीय परिणाम असेल तर खून. जिवाला असलेल्या धोक्याचे प्रमाण किती, यावर नाव ठरते.

ती शिक्षा आज आपल्याला कमी वाटते. पंधरा वर्षांच्या मुलीचे लग्न, मारहाण हा नवऱ्याचा हक्क समजला जाण्याचा तो काळ, हे सगळे त्या निकालाच्या मागे उभे आहे. तरीही कसोटी टिकली, कारण ती मारणाऱ्याच्या नात्यावर किंवा मरणाऱ्याच्या दर्जावर अवलंबून नाही.

उलट टोकाचे उदाहरण विरसा सिंगचे. पंजाबातले प्रकरण, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९५८ चा. पोटात भाल्याचा एकच वार. जखमी माणूस दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत जिवंत होता. बचाव असा की ठार मारायचे असते तर आणखी वार केले नसते का? न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी हा युक्तिवाद फेटाळला. ठार मारण्याचा उद्देश होता की नाही हे पाहायची गरजच नाही, असे त्यांनी सांगितले. आरोपीला हीच जखम करायची होती का, ती अपघाताने किंवा दुसरीकडे नेम असताना झाली नाही ना, एवढे आधी बघा. मग ती जखम सामान्य निसर्गक्रमानुसार मृत्यू घडवायला पुरेशी होती का, हे वैद्यकीय पुराव्यावरून ठरवा. दोन्हींचे उत्तर ‘होय’ असेल तर तो खून, मग आरोपी ‘मला मारायचे नव्हते’ असे कितीही सांगो. बोलण्यातला खून ‘ठार मारायच्या इराद्याने’ केलेला असतो. कायद्यातला खून त्या इराद्याशिवायही होतो. म्हणजे कायद्याची व्याख्या लोकांच्या व्याख्येपेक्षा सरसकट सौम्य आहे, ही समजूतच चुकीची आहे. नेम एकावर धरला आणि गोळी दुसऱ्याला लागली, तर गावात ‘चुकून मेला’ म्हणतात. कलम १०२ त्याला ज्याच्यावर नेम होता तोच मेल्यासारखे धरते. छातीत दुखणे असलेल्या माणसाला, ते ठाऊक असून, जीव जाईल असा धक्का देणे हाही खून ठरू शकतो. तोच धक्का ते ठाऊक नसताना दिला तर नाही.

आणि जिथे लोकांना खून दिसतो तिथे कायदा कधी कधी सदोष मनुष्यवधही पाहत नाही. संहितेतच दिलेले एक उदाहरण असे: एकजण कोंबडी मारून चोरायच्या हेतूने गोळी झाडतो, झुडपामागे बसलेला माणूस मरतो, आणि तो तिथे आहे हे गोळी झाडणाऱ्याला ठाऊक नसते. कृत्य बेकायदेशीर आहे, माणूस मेला आहे, तरी सदोष मनुष्यवध नाही. हे उदाहरण मुद्दाम घातलेले दिसते. इंग्लंडच्या तेव्हाच्या कायद्यात गंभीर गुन्हा करताना झालेला मृत्यू खून धरला जाई आणि कोंबडी चोरताना झालेल्या मृत्यूचे उदाहरण तिथल्या ग्रंथांत खुनाचे उदाहरण म्हणून येत असे. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये भारतीय दंड संहितेचा मसुदा करताना तो नियम भारतात आणला नाही. इंग्लंडने स्वतः तो १९५७ मध्ये सोडला.

कलम १०१ चे पाच अपवाद आहेत. त्यांतला चौथा आपल्या सत्र न्यायालयांत सर्वांत जास्त वापरला जातो: अचानक उद्भवलेल्या भांडणात, पूर्वतयारी नसताना, रागाच्या भरात, गैरफायदा न घेता किंवा क्रौर्य न करता केलेला वार. बांधावरून वाद सुरू झाला, हातात होती ती काठी डोक्यात बसली, तर हा अपवाद लागू होण्याची शक्यता आहे. वाद थांबला, एकजण घरात गेला, कोयता घेऊन परत आला आणि मग वार केला, तर अपवाद गेला. फरक घरापर्यंतच्या अंतराचा आणि त्या काही मिनिटांचा आहे. घटनास्थळाच्या पंचनाम्यात ते अंतर मोजून लिहिलेले नसेल, साक्षीदारांच्या जबाबात ‘आरोपीने कोयत्याने वार केले’ एवढेच असेल आणि कोयता कुठून आला याचा उल्लेख नसेल, तर सरकारी वकिलाच्या हाती काहीच राहत नाही. जमाव ठाण्यासमोर घोषणा देत असतो त्याच तासांत हा पंचनामा व्हायचा असतो.

कलम कुठले लावले यापेक्षा खटला ठरवणाऱ्या गोष्टी अशा किरकोळ दिसणाऱ्या असतात. हत्यार कोणते, शरीराच्या कोणत्या भागावर, किती जोराने, किती वेळा, हत्यार बरोबर आणले होते की जागेवर मिळाले, आधीचे वैर काय, वार करताना तोंडून काय शब्द आले, नंतर पळाला की दवाखान्यात घेऊन गेला. उद्देश कुणाच्या डोक्यात शिरून पाहता येत नाही, तो यांतूनच काढायचा. त्यात डॉक्टरचे मत मोलाचे. शवविच्छेदन अहवालात ‘डोक्याच्या दुखापतीमुळे मृत्यू’ असे कारण येते, पण कलम १०१ ला लागणारे वाक्य वेगळे आहे: ही जखम सामान्य निसर्गक्रमानुसार मृत्यू घडवायला पुरेशी होती का? जखमा अनेक असतील तर एकेक पुरेशी होती की सगळ्या मिळून? जप्त केलेल्या हत्याराने ती होऊ शकते का? तपास अधिकाऱ्याने हत्यार सीलबंद अवस्थेत डॉक्टरला दाखवून हे प्रश्न लेखी विचारायचे असतात आणि उत्तर दोषारोपपत्राला जोडायचे असते. हे राहून गेले की दोन वर्षांनी डॉक्टर साक्षीला उभे राहतात, आठवणीवर बोलतात आणि उलटतपासणीत ‘वेळेवर उपचार मिळाले असते तर वाचला असता’ हे वाक्य त्यांच्याकडून काढून घेतले जाते. एरवी या वाक्याने आरोपी सुटत नाही. योग्य उपचाराने मृत्यू टळला असता हा बचाव नाही, असे कलम १०० च्या स्पष्टीकरणातच लिहिले आहे. पण जखमेच्या गांभीर्याबद्दल दुसरे काहीच मत नोंदीवर नसेल, तर ते वाक्य एकटेच उरते आणि खून घसरून सदोष मनुष्यवधावर येतो. जखमी माणूस तीन-चार आठवडे दवाखान्यात राहून जंतुसंसर्गाने गेला असेल तर ही घसरण आणखी सोपी.

रस्त्यावरच्या मृत्यूंबाबत मात्र लोकांच्या संशयाला आधार आहे, आणि इथे कायद्याची बाजू मी तितक्या जोराने घेणार नाही. ‘जाणीव’ हा शब्द इथे रबरासारखा ताणला जातो. मुंबईत कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली. सात मेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल होते. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे तो मर्यादेच्या साडेतीन पटींहून वर होता. सत्र न्यायालयाने हयगय धरली आणि सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने त्याच पुराव्यावर जाणीव धरली, सदोष मनुष्यवधाच्या दुसऱ्या भागाखाली तीन वर्षे दिली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम ठेवली आणि ती अपुरी असल्याचेही म्हटले, पण वाढवण्यासाठी राज्याने अपीलच केले नव्हते. दारू, वेग, मृत्यू यांतले काहीही खालून वर जाताना बदलले नव्हते. बदलले ते एका शब्दाबद्दलचे मत. पदपथावर माणसे झोपतात हे त्या रस्त्याने रोज जाणाऱ्याला ठाऊक असते की नाही, या प्रश्नाचे उत्तर दोन न्यायालयांनी दोन प्रकारे दिले, तर रस्त्यावरच्या माणसाने ‘सेटिंग झाले’ म्हणण्यात नवल नाही.

नव्या संहितेने ही दरी थोडी अरुंद केली. हयगयीने मृत्यू घडवण्याची शिक्षा जुन्या कलम ३०४-अ मध्ये दोन वर्षांपर्यंत होती, आता कलम १०६(१) मध्ये ती पाच वर्षांपर्यंत आहे; नोंदणीकृत डॉक्टरांच्या बाबतीत ती दोन वर्षेच राहिली. अपघात करून पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा देणारे १०६(२) हे उपकलम मात्र जानेवारी २०२४ मधल्या ट्रकचालकांच्या संपानंतर, संहिता लागू करताना बाजूला ठेवले गेले. माझ्या मते पाच वर्षांपर्यंतची वाढ योग्य आहे, तेवढ्याने भागणार नाही. बेदरकार चालवणे आणि नशेत चालवणे यांच्यासाठी संहितेतच वेगळा टप्पा हवा, म्हणजे ‘जाणीव’ या शब्दाला दर खटल्यात कसरत करावी लागणार नाही. तोवर निदान एवढे व्हावे: रक्ताचा नमुना उशिरा घेतला की अल्कोहोलचे प्रमाण दर तासाला उतरत जाते, म्हणून नमुना घेतल्याची वेळ, अपघाताची वेळ आणि नमुना सील करणाऱ्याची सही ही तिन्ही कागदावर असलीच पाहिजेत. खटले इथे पडतात. वरचे कलम लावून हा कागद भरून येत नाही.

‘आधी मोठे कलम लावा, न्यायालय काय ते बघेल’ असा युक्तिवाद नेहमी होतो, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. खुनाचा आरोप ठेवलेल्या आरोपीला वेगळा आरोप न ठेवताही कमी गंभीर गुन्ह्यात शिक्षा देता येते, आणि निकाल लागेपर्यंत न्यायालय आरोप बदलू शकते. मग वरून सुरुवात केली तर तोटा काय? पहिला तोटा तपासाचा. खुनाचे कलम लावले की तपास उद्देशाच्या मागे लागतो: वैर शोधा, कट शोधा, फोनचे तपशील काढा. भिंत कोसळून मजूर मेला असेल तर लागणारे पुरावे वेगळे असतात, म्हणजे सिमेंटचे नमुने, मंजूर आराखडा, अभियंत्याच्या तपासणीच्या नोंदी, आधी दिलेल्या नोटिसा. ते पहिल्या आठवड्यात गोळा झाले नाहीत तर ढिगारा उचलला जातो. दुसरा तोटा वेळेचा. हयगयीचा खटला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो, सदोष मनुष्यवधाचा आणि खुनाचा सत्र न्यायालयात. आरोप निश्चितीच्या टप्प्यालाच बचाव पक्ष कलमाला आव्हान देतो, ते उच्च न्यायालयात जाते, आणि एकही साक्षीदार तपासला जाण्याआधी काही वर्षे निघून जातात. तिसरा तोटा आरोपीचा, ज्याच्याबद्दल बोलायला कुणी तयार नसते. हयगयीचा गुन्हा जामीनपात्र आहे. खुनाच्या कलमाखाली तोच माणूस कच्चा कैदी म्हणून दीर्घकाळ आत राहू शकतो आणि शेवटी हयगयीतच दोषी ठरू शकतो. खुनात न्यायाधीशाला जन्मठेपेच्या खाली येण्याची मुभाच नसते. म्हणून शंका असेल तिथे न्यायाधीश खून धरायला कचरतो, हेही कायद्याच्या आवारात सगळ्यांना माहीत असते.

संतापाच्या भरात कलम चढवण्याचा मोह न्यायालयालाही आवरलेला नाही. हुंडाबळीसाठी १९८६ मध्ये दंड संहितेत ३०४-ब हे कलम आले. लग्नापासून सात वर्षांच्या आत अनैसर्गिक मृत्यू, त्याआधी हुंड्यासाठी छळ, एवढे सिद्ध झाले की सासरच्यांनीच मृत्यू घडवला असे कायदा गृहीत धरतो. शिक्षा किमान सात वर्षे, कमाल जन्मठेप. लोकांच्या बोलण्यातला शब्द कायद्यात नीट उतरल्याचे हे चांगले उदाहरण होते. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात आदेश दिला की हुंडाबळीच्या प्रत्येक खटल्यात साधारणपणे खुनाचे कलमही जोडावे. खालच्या न्यायालयांनी ते यांत्रिकपणे जोडायला सुरुवात केली. २०१३ मध्ये त्याच न्यायालयाला स्पष्ट करावे लागले की खुनाचा पुरावा नोंदीवर असेल तरच ते कलम जोडायचे. गळफासाने झालेल्या मृत्यूत खुनाचे कलम जोडले तर सरकार पक्षाला गळा दुसऱ्याने आवळला हे सिद्ध करावे लागते. हुंडाबळीच्या कलमात ते सिद्ध करावेच लागत नाही, गृहीतक मदतीला असते. दोन्ही एकत्र चालवताना बचावाचा वकील सगळी उलटतपासणी खुनाच्या कमकुवत पुराव्यावर नेतो आणि छळाच्या साक्षीही सैल पडतात.

वर्तमानपत्रांचा वाटा यात मोठा आहे. ‘खुनाच्या आरोपातून सुटका’ हा मथळा आणि बातमीच्या आत, चौथ्या ओळीत, दहा वर्षे सक्तमजुरी. वाचक मथळ्यावर थांबतो. ‘सदोष मनुष्यवधासाठी दहा वर्षे’ असा मथळा तेवढ्याच जागेत बसतो. कलम बदलले गेले असेल तर कोणत्या मुद्द्यावर, म्हणजे अचानक भांडण, जखमेबद्दल डॉक्टरचे मत की अपुरी साक्ष, हे निकालपत्रात असते. बातमीदाराला एक वाक्य जास्त लिहावे लागेल इतकेच. ‘खुनी पकडला’ हे तर निकालाआधी लिहूच नये.

पोलिसांनी मागणीपुढे मान तुकवून कलम चढवणे आणि वजनदार माणसाला पाहून कलम उतरवणे, ही एकाच दुबळेपणाची दोन रूपे आहेत. दोन्हींवर उपाय कारण लेखी देण्याचा. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ नुसार तपासाची प्रगती फिर्यादीला किंवा पीडिताच्या कुटुंबाला ९० दिवसांच्या आत कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. आज हे कळवणे ‘तपास सुरू आहे’ एवढ्या ओळीत आटोपता येते. त्यातच, साध्या मराठीत, कोणते कलम लावले, उद्देश, जाणीव की हयगय यांपैकी काय आढळले आणि कशावरून, एवढे चार ओळींत लिहिणे सक्तीचे करावे. कलम नंतर बदलले तर बदलाचेही कारण. असा कागद हाती असेल तर कुटुंबाला वकिलाकडे जाऊन नेमके विचारता येते की घरातून कोयता आणल्याचा साक्षीदार आम्ही दिला होता, तो जबाब कुठे गेला?

आणि खटला संपल्यावरची एक वाट आहे, जी ठाण्यासमोर बसलेल्या फार थोड्यांना माहीत असते. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३७२ मध्ये २००९ पासून, आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१३ मध्ये, पीडिताला स्वतः अपील करता येते. आरोपी सुटला तरच नव्हे. त्याला कमी गंभीर गुन्ह्यात दोषी धरले किंवा भरपाई अपुरी दिली, तरीही. सरकारने अपील करावे म्हणून थांबण्याची गरज नाही. खुनाचा आरोप असताना सदोष मनुष्यवध धरला गेला, तर त्या निकालाची प्रमाणित प्रत काढायची, कोणत्या परिच्छेदात उद्देश नाकारला आहे ते पाहायचे आणि तिथेच बोट ठेवायचे. या अपिलात पंचनाम्यातले अंतर, जखमेबद्दलचे डॉक्टरचे लेखी मत आणि हत्यार कुठून आले याची साक्ष हीच कामाला येतात. म्हणून मृत्यूच्या दिवशी नातेवाइकांनी ठाण्यात कलमाचा आकडा मागण्यापेक्षा पंचनामा मोजमापासह झाला का आणि डॉक्टरला लेखी प्रश्न पाठवले का, हे विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नये.